बंडी चालते कशी?

इंजिनिअरिंगला आलेल्या कुणालाही न्यूटनचे तीन नियम झोपेतून उठवून विचारा, तो धडाधड म्हणून दाखवेल. पण ते खरंच कळलेत का हे बघायचं असेल, तर नववीतल्या मुलासमोर बसावं. माझं आजोळ भंडारा-पवनी रस्त्यावरचं अड्याळ. तिथला माझा मामेभाऊ मराठी शाळेत नववीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. तिसरा नियम पाठ झाल्यावर त्याने विचारलं, "ताई, बैल बंडीले जेवढ्या जोरानं वढते, तेवढ्याच जोरानं बंडी बैलाले मागं वढते. मंग बंडी चालते कशी?"

(पुण्या-मुंबईकडच्या हॉस्टेलवासीयांसाठी: बंडी म्हणजे बैलगाडी.)

प्रश्न एकदम रास्त आहे. बैलाचा जोर अधिक, बंडीचा उणे, बेरीज शून्य. म्हणजे बंडी जागच्या जागी! "बैल थोडा जास्त ओढतो" असं उत्तर बरेच जण देतात, पण ते साफ चूक आहे. बैल जास्त ओढतच नाही. जूवरची ओढ दोन्हीकडून अगदी सारखी असते, बंडी उभी असो की पळत असो.

गोम अशी आहे की समान आणि विरुद्ध बलं एकमेकांना तेव्हाच कापतात, जेव्हा ती एकाच वस्तूवर लागलेली असतात. इथे एक बल बंडीवर आहे, दुसरं बैलांवर. ह्याच्या खात्यातले पैसे त्याच्या उधारीत वळते कसे करणार? बंडी हलणार की नाही हे ठरवताना फक्त बंडीवरची बलं मोजायची: पुढे बैलांची ओढ, मागे चाकांना होणारा अडथळा. ओढ जास्त झाली की बंडी निघाली.

मग बैलांना पुढे कोण नेतं? जमीन! बैल खुरांनी जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला तेवढ्याच जोराने पुढे रेटते. ही तिसऱ्या नियमाची दुसरी जोडी, आणि सगळे तीच विसरतात.

हिशोबासाठी सोपे आकडे धरू. भरलेली बंडी ६०० किलो, दोन बैल मिळून ८०० किलो, चाकांचा अडथळा ४०० न्यूटन, आणि निघताना त्वरण अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग. बंडीला त्वरणासाठी ३०० आणि अडथळ्यासाठी ४०० न्यूटन लागतात, म्हणजे जूवर ओढ ७००. बैलांना स्वतःच्या त्वरणासाठी ४०० हवेत, आणि बंडी त्यांना ७०० ने मागे खेचतेच आहे. म्हणून जमिनीने त्यांना ११०० न्यूटनने पुढे रेटायला हवं. एकदा बंडी एकसारख्या वेगाने चालू लागली की त्वरण शून्य, आणि सगळं काम ४०० न्यूटनवर भागतं. बैल निघताना मान खाली घालून जोर लावतात आणि नंतर रमतगमत चालतात, ते यामुळेच. शंकरपटात तर सगळा खेळच सुरुवातीच्या त्वरणाचा. (२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी आणली होती. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला.)

जाता जाता एक गोष्ट. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्या डोक्यात फोर्स, इनर्शिया, अ‍ॅक्सिलरेशन. भावाकडे बल, जडत्व, त्वरण. आधी मला हे शब्द बोजड वाटायचे. पण त्वरणात ‘त्वरा’ सरळ दिसते, आणि इनर्शिया म्हणजे मुळात लॅटिनमधला आळस! त्यापेक्षा आपलं जडत्व बरं, नाही का?

आता पुन्हा जमिनीकडे. जमीन पुढे रेटते तशी थांबवतेही तीच. आपल्याला वाटतं गाडी ब्रेकने थांबते. ब्रेक फक्त चाक धरतो, गाडीला थांबवतो तो रस्ता. कोरड्या डांबरावर टायरची पकड चांगली असली तर वेग दर सेकंदाला साधारण ७ मीटर प्रति सेकंदाने कमी करता येतो. ताशी ४० किलोमीटरने जाणारी बाईक ब्रेक लागल्यापासून सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. ८० ला दुप्पट अंतर लागेल असं वाटतं, पण लागतं चौपट, म्हणजे ३५ मीटर. कारण अंतर वेगाच्या वर्गावर ठरतं.

आमच्याकडे हा धानाचा मुलूख. रोवणीच्या दिवसांत चिखलणी करून ट्रॅक्टर बांधीतून निघतात आणि चाकांचा चिखल रस्त्यावर सांडत जातात. वरून पावसाची भुरभुर. अशा ठिकाणी पकड निम्म्याहून कमी होऊ शकते. ७ च्या जागी ३ धरा. ताशी ४० ला थांबायला २० मीटर लागतील, म्हणजे क्रिकेटचं अख्खं पिच. ८० ला ८२ मीटर. त्यात चिखल दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद मिळवा, तेवढ्यात गाडी आणखी २२ मीटर पुढे गेलेली असते. शंभर मीटरच्या वर झालं की! आणि पुढचं चाक अशा चिखलात लॉक झालं तर थांबायचं राहूच द्या, हँडलही ऐकत नाही. म्हणून चिखलाचा पट्टा लांबून दिसताच, कोरड्या रस्त्यावर असतानाच वेग उतरवायचा. चिखलात शिरल्यावर ब्रेक दाबून रस्त्याकडे जे बल मागाल, ते त्याच्याजवळ नसतंच.

हे सगळं ऐकल्यावर भावाने पुढचा प्रश्न टाकला: बंडी चिखलात फसल्यावर लोक चाकाचा वरचा भाग धरून का ढकलतात? त्याचं उत्तर आघूर्णात आहे, आणि तो धडा त्याच्या पुस्तकात नाही. मेकॅनिक्सच्या जर्नलमध्ये आपण सगळ्यांनी उतरवलाय, बघा आठवतो का.