चार अणूंच्या वलयाची औषधे

पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, सेफट्रायाक्झोन, मेरोपेनेम ही नावे ऐकणाऱ्याला परस्परांपासून वेगळी वाटतात. तथापि या सर्वांच्या रेणूच्या गाभ्याशी तीन कार्बन आणि एक नायट्रोजन अशा चार अणूंचे एकच लहानसे वलय असते. त्याला बीटा-लॅक्टम वलय म्हणतात आणि या प्रतिजैविकांचे सामर्थ्य व त्यांची दुर्बलता ही दोन्ही त्याच वलयात साठलेली आहेत. चौकोनात बसण्यासाठी या अणूंना आपापले नैसर्गिक कोन सोडावे लागतात, त्यामुळे वलय सतत ताणलेले राहते आणि योग्य जागी आघात होताच उघडते. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पेनिसिलिनची रचना निश्चित करीपर्यंत रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारखे मातब्बर रसायनशास्त्रज्ञही निराळ्या रचनेचा आग्रह धरून होते.

जिवाणूच्या पेशीत आतून मोठा दाब असतो आणि तो सोसण्यासाठी पेशीभोवती पेप्टिडोग्लायकन नावाच्या द्रव्याची भित्तिका असते. शर्करेच्या लांब साखळ्या हे या विणीतील उभे धागे आणि त्यांना जोडणारे प्रथिनांचे तुकडे हे आडवे धागे, असे म्हणता येईल. आडवे धागे बांधण्याचे काम काही विशिष्ट विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, करतात. बीटा-लॅक्टम वलयाचा आकार या धाग्याच्या टोकाशी इतका मिळताजुळता असतो की विकर त्यालाच पकडतो, वलय उघडून त्याला घट्ट चिकटते आणि तो विकर कायमचा निकामी होतो. जुनी भित्तिका कापणारे जिवाणूचे स्वतःचे विकर मात्र आपले काम चालूच ठेवतात, म्हणून भित्तिका जागोजाग उसवते आणि पेशी फुटते. मानवी पेशींना अशी भित्तिकाच नसल्याने ही औषधे बरीच मोठी मात्रा देऊनही सहसा सुरक्षित ठरतात. त्याच कारणाने, भित्तिका नसलेल्या मायकोप्लाझ्मा जिवाणूवर आणि सर्दी-फ्लूच्या विषाणूंवर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही. शिवाय रक्तातील औषधाचे प्रमाण एकदा किती उंचावले यापेक्षा ते परिणामकारक पातळीच्या वर किती तास टिकले याला येथे महत्त्व असते, म्हणून दोन मात्रांमधील अंतर पाळणे हा उपचाराचाच भाग आहे.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये लंडनमध्ये आढळलेले आणि फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये औषधरूपात आणलेले मूळ पेनिसिलिन जठरातील आम्लात नष्ट होते, म्हणून ते टोचूनच द्यावे लागते. भारतात त्याच्या उत्पादनासाठी १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. हे औषध जुने आहे म्हणून निरुपयोगी झाले, ही समजूत साफ चुकीची आहे. उपदंशावर आजही त्याचाच पहिला मान आहे. घशाच्या संसर्गातून संधिवाताचा ताप आणि पुढे हृदयाच्या झडपांचा विकार घडवणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस पेनिसिलिनला अजून जुमानेनासा झालेला नाही. त्या विकाराच्या रुग्णांना तीन-चार आठवड्यांनी दिले जाणारे बेंझाथीन पेनिसिलिन अत्यंत स्वस्त असते आणि तरीही अनेक देशांत त्याचा तुटवडा पडत आला आहे, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

पेनिसिलिनचा प्रतिकारही त्याच्याइतकाच जुना आहे. १९४० मध्येच एडवर्ड अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिनचा नाश करणाऱ्या जिवाणूजन्य विकराची नोंद केली होती. आता बीटा-लॅक्टमेज म्हणून ओळखले जाणारे हे विकर वलय आधीच उघडून टाकतात. या विकरांना दाद न देणारे मेथिसिलिन आले, तर १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्यालाही न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस जिवाणू सापडले. त्यांनी औषध नष्ट न करता भित्तिका बांधणारा विकरच बदलून घेतला होता. क्लॅव्युलॅनिक आम्ल हा दुसरा उपाय होय. त्यातही बीटा-लॅक्टम वलय असते, पण स्वतः जिवाणू मारण्याची ताकद त्यात फारशी नसते. ते बीटा-लॅक्टमेजला अडकवून ठेवते आणि सोबतच्या अमॉक्सिसिलिनला वाट मोकळी करून देते.

सेफिक्झिम, सेफट्रायाक्झोन ज्या गटात मोडतात त्या सेफॅलोस्पोरिनांचा उगम सार्डिनियातील काल्यारी शहराच्या सांडपाण्याजवळ आहे. तेथील समुद्रात जुसेप्पे ब्रोत्झू यांनी १९४५ मध्ये त्यांची जनक बुरशी शोधली. त्यांच्या ‘पिढ्या’ मोजल्या जातात, म्हणून नंतरची पिढी अधिक ‘भारी’ असे अनेकांना वाटते, परंतु पिढी म्हणजे बळाची पायरी नव्हे. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेवरील स्टॅफिलोकॉकसपासून बचावासाठी पहिल्या पिढीचे सेफाझोलिनच योग्य ठरते, तर मेंदूभोवतीच्या द्रवात चांगले पोचणारे तिसऱ्या पिढीचे सेफट्रायाक्झोन मेंदूज्वरात आणि विषमज्वरात उपयोगी पडते. त्याच पिढीचे सेफ्टाझिडिम मात्र स्टॅफिलोकॉकसवर दुबळे आहे.

इमिपेनेम, मेरोपेनेम ही कार्बापेनेम गटाची औषधे अनेक बीटा-लॅक्टमेजना पुरून उरतात, म्हणून अतिदक्षता विभागात इतर उपाय थकल्यावर त्यांचा आधार घेतला जातो. नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या एका रुग्णात सापडून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एनडीएम-१ हा विकर मात्र त्यांनाही फोडतो, आणि त्याचे जनुक एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाते, हे अधिक भयावह आहे. एकेरी वलयाचे अझ्ट्रिओनाम या विकराला बळी पडत नाही. पण त्याच जिवाणूकडील इतर विकर त्याला नष्ट करू शकतात, म्हणून ते अविबॅक्टमसारख्या रोधकासोबत दिले जाते.

अशा स्थितीत डॉक्टरांकडे ‘भारी’ गोळीचा आग्रह धरणे, उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी राखणे किंवा दुकानातून परस्पर सेफिक्झिम आणणे वाचकांनी सोडून द्यावे. सेफिक्झिम, सेफट्रायाक्झोन आणि मेरोपेनेम ही औषधे मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि प्रत्येक विक्रीची नोंद औषधविक्रेत्याला तीन वर्षे जपून ठेवावी लागते.