डेउस एक्स: इनव्हिजिबल वॉर

डेउस एक्स: इनव्हिजिबल वॉर हा आयन स्टॉर्म या अमेरिकन कंपनीच्या ऑस्टिन (टेक्सास) येथील स्टुडिओने विकसित केलेला आणि आयडॉस इंटरॲक्टिव्हने प्रकाशित केलेला व्हिडिओ गेम आहे. तो डिसेंबर २००३ मध्ये विंडोज संगणक व एक्सबॉक्स यांसाठी उत्तर अमेरिकेत प्रकाशित झाला. हा २००० सालच्या डेउस एक्स या खेळाचा दुसरा भाग होय. समीक्षकांनी त्याचे बऱ्यापैकी स्वागत केले, तरी पहिल्या भागाच्या चाहत्यांची त्याने निराशा केली. त्यामुळे मूळ खेळाच्या तोडीस न उतरलेल्या उत्तरभागांचे उदाहरण म्हणून त्याचा वारंवार उल्लेख होतो.

पार्श्वभूमी

मूळ डेउस एक्सचे दिग्दर्शन वॉरन स्पेक्टर यांनी केले होते, तर हार्वी स्मिथ हे त्याचे प्रमुख संरचनाकार होते. इ.स. २०५२ मध्ये घडणाऱ्या या खेळात जेसी डेंटन हा नॅनोतंत्रज्ञानाने सक्षम केलेला हस्तक गुप्त संघटनांच्या कारस्थानांचा माग काढतो. प्रथमपुरुषी नेमबाजी, लपतछपत वावरणे आणि भूमिकाप्रधान खेळातील पात्रविकास यांचा मेळ हे त्याचे वैशिष्ट्य होते. कुलूपबंद दारापाशी आलेला खेळाडू कुलूप उघडू शके, सांकेतिक क्रमांक शोधू शके, दार स्फोटाने उडवू शके किंवा हवा खेळती ठेवणाऱ्या बोगद्यातून आत शिरू शके. प्रत्येक प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे असावीत, या तत्त्वामुळे हा खेळ संगणकीय खेळांच्या इतिहासातील एक मानदंड ठरला. दुसऱ्या भागाचे दिग्दर्शन हार्वी स्मिथ यांच्याकडे सोपवण्यात आले. शेल्डन पकोटी यांनी दोन्ही भागांच्या लेखनाची धुरा सांभाळली.

कथानक

पहिल्या भागाला तीन पर्यायी शेवट होते. डेंटन हेलिऑस या कृत्रिम बुद्धिमत्तेशी एकरूप होई, इल्युमिनाटी या गुप्त संघटनेच्या हाती सत्ता देई किंवा जागतिक दळणवळण नष्ट करून जगाला अंधारयुगात लोटी. यांपैकी एकच शेवट ग्राह्य धरल्यास उरलेले दोन खोटे ठरले असते. म्हणून दुसऱ्या भागात हे तिन्ही शेवट काही अंशी घडले, असे मानण्यात आले आहे.

कथा २० वर्षांनंतर, इ.स. २०७२ मध्ये घडते. एका हल्ल्यात शिकागो शहर नष्ट होते आणि तेथील टार्सस अकादमीतील प्रशिक्षणार्थी ॲलेक्स डी. याला सिॲटलला हलवले जाते. ॲलेक्स पुरुष असावा की स्त्री, हे खेळाडू ठरवतो. पुढे कथा कैरो, जर्मनीतील ट्रिअर, अंटार्क्टिका आणि न्यू यॉर्कमधील लिबर्टी बेट येथे जाते. अर्थसत्तेची प्रतिनिधी असलेली जागतिक व्यापार संघटना आणि धर्मसत्तेची प्रतिनिधी असलेली ‘ऑर्डर’ या दोन संस्था एकमेकींच्या शत्रू भासतात. प्रत्यक्षात दोहोंची सूत्रे इल्युमिनाटीच्याच हाती असतात. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या दोन कॉफी दुकानांच्या साखळ्यांचा मालक अखेरीस एकच निघतो, या उपकथानकातून हीच कल्पना उपहासाने मांडली आहे.

खेळाच्या रचनेतील बदल

नवख्या खेळाडूंना खेळ सुगम व्हावा, यासाठी मूळ रचनेत अनेक बदल करण्यात आले.

कौशल्ये: पहिल्या भागात पोहणे, कुलूप उघडणे, बंदूक चालवणे अशी ११ कौशल्ये गुण खर्चून वाढवता येत. दुसऱ्या भागात ही व्यवस्था पूर्णतः काढून टाकण्यात आली. पात्राचा विकास केवळ शरीरात बसवायच्या ‘बायोमॉड’ या सुधारणांवर अवलंबून राहिला.

दारूगोळा: प्रत्येक शस्त्राच्या स्वतंत्र गोळ्यांऐवजी सर्व शस्त्रांना चालणारा एकच सामाईक साठा आला. त्यामुळे साठा संपताच पिस्तुलापासून अग्निबाण प्रक्षेपकापर्यंत सर्व बंदुका एकदम निकामी होत. एका शस्त्राच्या गोळ्या जपून दुसरे शस्त्र वापरण्याचे नियोजन उरले नाही.

शारीरिक इजा: पूर्वी हात, पाय, डोके यांची इजा वेगवेगळी मोजली जाई. पाय जायबंदी झाल्यास पात्राला रांगत जावे लागे. नव्या खेळात प्रकृतीचा एकच मोजपट्टा ठेवण्यात आला.

प्रदेशांचा आकार: एक्सबॉक्समध्ये केवळ ६४ मेगाबाइट मेमरी होती. नव्या प्रकाशयोजनेचा भारही मोठा होता. परिणामी शहरांचे लहान लहान तुकडे पडले आणि प्रत्येक तुकड्यात शिरताना खेळ थांबू लागला. दाराचे अनेक मार्ग कायम राहिले. मात्र जागाच अपुरी असल्याने ते मार्ग शोधण्यातला आनंद ओसरला.

निर्मिती

हा खेळ अनरिअल इंजिनाच्या सुधारित आवृत्तीवर उभारण्यात आला. दृश्यांकनाची प्रणाली स्टुडिओने स्वतः लिहिली, तर वस्तूंच्या भौतिक हालचालींसाठी हॅवॉक या प्रणालीचा वापर झाला. वस्तूंच्या हलत्या सावल्या त्या काळी नावीन्यपूर्ण होत्या, पण त्यांमुळे खेळाची गती मंदावली. याच तंत्रावर स्टुडिओने थीफ: डेडली शॅडोज (२००४) हा खेळही तयार केला. पुढील काळात हार्वी स्मिथ यांनी या त्रुटींची जाहीर कबुली दिली. तंत्रज्ञानाचे नियोजन चुकले, दृश्यांकनाची प्रणाली चुकीची निवडली गेली आणि खेळ घाईने बाजारात आणला गेला, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते.

प्रतिसाद

मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर पहिल्या भागाच्या संगणक आवृत्तीचे सरासरी गुण १०० पैकी ९० आहेत. दुसऱ्या भागाला एक्सबॉक्ससाठी ८४ आणि संगणकासाठी ८० गुण मिळाले. हे गुण अपयशी खेळाचे नव्हेत. नाराजी मुख्यतः संगणकावरील जुन्या खेळाडूंची होती. प्रकाशनापूर्वीच्या नमुना आवृत्तीतच मंद गती, दूरचित्रवाणीच्या पडद्यासाठी आखलेली मोठी अक्षरे आणि बोजड मांडणी यांवर टीका झाली होती.

या निराशेमागे तुलनेचा भाग मोठा आहे. स्वतंत्र खेळ म्हणून खपून गेल्या असत्या, अशा मर्यादा उत्तरभागात उणिवा ठरल्या. कारण याच गोष्टी आधीच्या खेळात अधिक विस्ताराने साधल्या होत्या. याउलट नैतिक गुंतागुंत, गटांमधील निष्ठा बदलण्याची मुभा आणि चार पर्यायी शेवट यांची अनेक समीक्षकांनी प्रशंसा केली.

नंतरचा प्रभाव

स्पेक्टर व स्मिथ यांनी २००४ मध्ये आयन स्टॉर्म सोडले. फेब्रुवारी २००५ मध्ये ही कंपनी बंद झाली आणि तिसऱ्या भागाचे काम तेथेच थांबले. पुढील खेळ डेउस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन हा आयडॉस मॉन्ट्रिऑलने २०११ मध्ये आणला. इ.स. २०२७ मध्ये घडणारी ही पूर्वकथा असल्याने इनव्हिजिबल वॉरचे कथानक पुढे न्यावे लागले नाही. या खेळात शस्त्रांचा दारूगोळा पुन्हा वेगळा झाला आणि शहरे विस्तारली. मात्र स्वतंत्र कौशल्ये परत आली नाहीत. तेथेही विकास शरीरातील सुधारणांतूनच होतो आणि प्रकृतीचा मोजपट्टाही एकच आहे. दुसऱ्या भागाच्या माथी मारलेले काही निर्णय अशा रीतीने मालिकेत टिकून राहिले. हार्वी स्मिथ यांनी पुढे राफाएल कोलांतोनियो यांच्यासह डिसऑनर्ड (२०१२) या खेळाचे दिग्दर्शन केले. एका अडथळ्याला अनेक मार्ग देण्याचे मूळ तत्त्व त्यात पुन्हा केंद्रस्थानी आले.