खेळाचे फोटो काढायचे आहेत? आधी लेन्स पाहा

ठाणे-रायगडकडे रात्रीच्या दिव्यांत टेनिस बॉल क्रिकेटचे सामने भरतात, सांगली-कोल्हापूरकडे कुस्तीची मैदाने होतात. तेथे फोटो काढून रोजी कमवावी, असा विचार आपले काही तरुण करीत आहेत. विचार दुरुस्त आहे. परंतु आमच्या नात्यातील एका मुलाने व्याजाच्या हप्त्यावर नवा कॅमेरा घेतला आणि पहिल्याच रात्रीचे सारे फोटो अंधुक निघाले. आयोजकांनी पैसे दिले नाहीत. हप्ता मात्र चालूच राहिला.

त्याने मेगापिक्सेल मोजले, लेन्स पाहिली नाही. धावता खेळाडू स्पष्ट टिपायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या, निदान पाचशेव्या भागात उघडून मिटले पाहिजे. तेवढ्या वेळात आत उजेड थोडाच येतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स लांबच्या टोकाला एफ ५.६ एवढीच उघडते. एफ २.८ ची लेन्स तिच्या चौपट उजेड घेते, म्हणजे जो फोटो पहिलीवर २०० व्या भागाला येतो तोच दुसरीवर ८०० व्या भागाला येतो. म्हणून भांडवलाचा मोठा हिस्सा ७०-२०० एफ २.८ या लेन्सवर घालावा, मग ती जुनी का असेना. कॅमेरे बदलतात, चांगली लेन्स वर्षानुवर्षे चालते.

कॅमेरा जुना चालेल. कॅननचा ७डी मार्क २ (२०१४) आणि निकॉनचा डी ५०० (२०१६) हे दोन्ही सेकंदाला १० फोटो काढतात. दोन्हींचे उत्पादन आता बंद आहे. यांचा सेन्सर लहान असल्याने २०० ची लेन्स ३०० च्या आसपास काम देते; सीमारेषेवरून हा फायदाच. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळे मैदानावरचे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि लागोपाठच्या फोटोंत एक उजळ, एक पिवळट येतो. या दोन्ही कॅमेऱ्यांत तेज क्षण साधण्याची सोय आहे. वेग थोडा घटतो इतकेच.

सोनीचा ए ९ मार्क ३ (२०२३) सेकंदाला १२० फोटो काढतो, पण त्याची किंमत लाखांत आहे. स्वस्त मिररलेसमध्ये आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नये, फिरती बॅट वाकडी दिसते.

थान उलगडल्याशिवाय आपण कापड घेत नाही, तसेच येथे. शटर किती वेळा चालले ते विचारावे. वरील दोन्हींची कंपनीची चाचणी २ लाखांची आहे. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी पाहावी, कोकणच्या दमट हवेत ती हमखास धरते. दुकानासमोरून जाणाऱ्या मोटारसायकलींचे शंभर फोटो काढून पाहावेत, लाज वाटून घेऊ नये.

रोख रक्कम जमली नसेल तर पहिले दोन-तीन सामने लेन्स भाड्याने घेऊन करावेत. आयोजकांकडून निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत, उरलेले फोटो हातात देताना.