‘नीट शिजवलं की झालं’ हे उत्तर कुठे अपुरं पडतं?

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. मुख्य संशय पाण्यावर होता. पण काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तो कोंबडीच्या आतड्यात राहतो म्हटल्यावर अनेकांनी चिकनची धास्ती घेतली. पुणं आपल्या पनवेलहून दोन-अडीच तासांवर, त्यामुळे ही धास्ती घाट उतरून इकडेही आली. ‘नीट शिजवून खा, काही होत नाही’ असं तेव्हा सांगितलं गेलं. सल्ला बरोबरच आहे. तो कुठे अपुरा पडतो, एवढंच आज बोलायचं आहे.

हा जिवाणू कोंबडीला सहसा आजारी पाडत नाही. पिसं काढताना, पोट साफ करताना आतड्यातली घाण मांसाला लागते. आपण म्हणतो, ‘डोळ्यांसमोर कापून घेतलंय, ताजं आहे.’ पण मांस तासन्‌तास बाहेर राहिलं की वाढतो तो साल्मोनेला. कॅम्पिलोबॅक्टर उघड्या हवेत वाढत नाही, उलट कमीच होत जातो. म्हणजे ताजेपणा ही याच्यापुरती हमी नव्हे. आजारी पडायला काहीशे जिवाणूही पुरतात. बहुतेकांना ताप, मुरडा, जुलाब होतात आणि आठवड्याभरात बरं वाटतं. हजारात साधारण एखाद्याला पुढे जीबीएस होतो. तो आपल्याच प्रतिकारशक्तीचा घोटाळा. त्याचा औषधाला न जुमानण्याशी संबंध नाही. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नका.

न जुमानणं येतं कुठून? शेडमध्ये पाच-दहा हजार पक्षी असतात. एकेकाला इंजेक्शन कोण देणार? औषध पिण्याच्या पाण्यात जातं. आजारी पक्षी पाणी कमी पितो, धडधाकट पक्षी भरपूर पितो. म्हणजे ज्याला नको त्याला जास्त. कोंबड्यांना दिलं जाणारं एन्रोफ्लॉक्सॅसिन शरीरात गेल्यावर त्यातलं काही सिप्रोफ्लॉक्सॅसिन बनतं. हो, तेच सिप्रो, जे आपण जुलाबावर दुकानातून आणतो! आणि कॅम्पिलोबॅक्टरच्या एका जनुकात एकच बदल झाला, तरी सिप्रो निकामी ठरू शकतं. अमेरिकेने नेमक्या याच कारणासाठी 2005 साली कोंबड्यांना एन्रोफ्लॉक्सॅसिन देणं बंद केलं. आपल्याकडे 2019 च्या जुलैत कोलिस्टिनवर बंदी आली. ते दवाखान्यातलं अगदी शेवटचं औषध, आणि पक्ष्यांचं वजन वाढावं म्हणून खाद्यातून दिलं जात होतं. ही बंदी मला उशिराची वाटते. कोलिस्टिनला दाद न देणारं जनुक एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारतं, हे चीनमधल्या संशोधकांनी 2015 मध्येच दाखवलं होतं.

आता शिजवण्याकडे येऊ. रस्सा रटरटला की जिवाणू मरतो, प्रतिरोधक असो वा नसो. पण तो भांड्यात पडायच्या आधी कुठे कुठे जाऊन आला? दुकानातला लाकडी ओंडका, कापणाऱ्याचे हात, आपली पिशवी, घरची सुरी. त्याच सुरीने काकडी चिरली की झालं. कोशिंबीर काही आपण शिजवत नाही. शेडमधलं कोंबडखत शेतात जातं, तिथून ओढ्याला. चिकनला न शिवणारा माणूसही यातून सुटत नाही.

सभेत एका ताईंनी विचारलं, ‘मग धुवायचं की नाही?’ माझं मत, नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात. धुतल्याशिवाय मन मानत नसेल, तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने बुचकळा, पाणी सावकाश ओता, मग सिंक आणि हात साबणाने धुवा. हळद-मीठ चोळा चवीसाठी. जिवाणूंसाठी त्यावर विसंबू नका.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतून आला: ‘दोष पोल्ट्रीवाल्याचाच ना?’ आपल्याकडे बरीच पोल्ट्री करारावर चालते. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, राबणं शेतकऱ्याचं. पाच-सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोचा करायचा आणि मर वाढली की त्याचा मेहनताना घसरतो. अशा वेळी औषधाची बाटली हाच त्याला स्वस्त विमा वाटतो. लिटर कोरडं ठेवणं, लसीकरण, दोन बॅचमध्ये शेड नीट रिकामी ठेवणं, यांनी औषध कमी करता येतं. पण रिकाम्या शेडच्या दिवसांचे पैसे त्याला कुणी देत नाही. करारात ते दिवस धरले जावेत, असं मला वाटतं.