बैलाच्या अंगातली ताकद

लालबाग, करी रोडच्या जुन्या माणसाला परळचं ‘बैलघोडा हॉस्पिटल’ कुठे, हे सांगावं लागत नाही. गिरणीमालक दिनशॉ पेटिट यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाचं हे रुग्णालय. त्याच्याशी जोडलेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. त्या काळी शहराचा माल बैल आणि घोडेच ओढत. तेव्हा जनावराच्या अंगात ताकद येते कुठून, हा प्रश्न इथे रोजच्या कामाचा होता.

स्नायू म्हणजे तंतूंची जुडी. हे तंतू किती, ते बहुतांशी वासरू गाईच्या पोटात असतानाच ठरतं. जन्मानंतर वाढते ती तंतूंची लांबी आणि जाडी. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वाढीचं संप्रेरक सोडते, त्याच्या इशाऱ्यावर यकृत ‘आयजीएफ-१’ तयार करतं आणि तंतूंत प्रथिनं साठू लागतात. अर्थात, चारा-पेंड पोटात नसेल तर संप्रेरक काही करू शकत नाही.

संप्रेरकांचा परिणाम बघायला प्रयोगशाळा लागत नाही. वळू आणि बैल शेजारी उभे करावेत. वळूची मान जाड, वशिंड भरदार, पुढचा भाग भारी. मानेचे स्नायू टेस्टोस्टेरॉनला विशेष दाद देतात. वशिंड ही नुसती चरबीची गाठ नव्हे, त्यात खांद्याचा स्नायू असतो. खोंड लवकर खच्ची केला, की मान हलकी राहते आणि हाडांची टोकं उशिरा जुळत असल्यामुळे पाय लांब होतात. शेतकऱ्याला हवा असतो तो असाच उंच, शांत बैल.

अमेरिकेत मांसासाठी पोसलेल्या जनावरांच्या कानात, कातडीखाली, संप्रेरकाच्या बारीक गोळ्या ठेवतात. इस्ट्रॅडायोल, ट्रेनबोलोन हळूहळू झिरपतात आणि तेवढ्याच खाद्यात मांस जास्त भरतं. युरोपने १९८९ पासून असं मांस घेणं थांबवलं. त्यावरचा वाद जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेला.

पण गोळी जातीची मर्यादा ओलांडू शकत नाही. ‘मायोस्टॅटिन’ हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालतं. बेल्जियन ब्लू जातीत त्याचं जनुकच बिघडलेलं असल्याचं १९९७ मध्ये उघड झालं. तिथे तंतूंची संख्याच वाढते आणि पुठ्ठे फुगून दुभंगल्यासारखे दिसतात. वासरं इतकी जाड, की बहुतेक वेळा गाईचं पोट फाडूनच ती काढावी लागतात. मांसासाठी गाईने मोजायची ही किंमत मला मान्य होत नाही.

आपल्या माणदेशी खिल्लाराची निवड उलट दिशेने झाली. सडपातळ अंग, कणखर पाय, उन्हात न थकणारी चाल. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे मांसासाठी गोवंशाची पैदास हा इथला प्रश्नच नाही. खिल्लाराला आज मागणी आहे ती बैलगाडा शर्यतीसाठी. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिल्यापासून वेगवान वळूला पुन्हा भाव आला.

कृष्णाकाठच्या जनावराची कथा मात्र वेगळी. काळ्या चिकट जमिनीत नांगर ओढायला सांगली भागातल्या संस्थानिकांनी गीर, ओंगोल, कांकरेज आणि म्हैसुरी रक्त मिसळून ‘कृष्णा व्हॅली’ ही भारदस्त जात घडवली. अमेरिकेतल्या मांसाच्या ‘ब्राह्मन’ जातीत गीर, नेल्लोर यांच्या जोडीला तिचंही रक्त आहे. नांगरासाठी जोपासलेले स्नायू टेक्सासच्या उन्हात मांसासाठी वाढले. आणि इथे ट्रॅक्टर आल्यावर गोठ्यांत तिची मोजकीच जनावरं उरली.