नदी, ओढा आणि कुंडलिका

उगमापाशी नदी आणि ओढा यांत फारसा फरक नसतो. दोघेही डोंगराचे पाणी उताराने नेतात, पावसाळ्यानंतर दोघेही जमिनीतल्या पाझरावर जगतात. फरक आकाराचा. अनेक ओढे पोटात घेते ती नदी. पण शेतकरी साधी खूण पाहतो : वैशाखात पाणी वाहते का?

या खुणेने रायगडचा किनारा पाहण्याजोगा आहे. सह्याद्री समुद्राला जवळ, म्हणून तिथल्या नद्या आखूड. पाऊस मुसळधार, तरी दिवाळीनंतर ओढे (तिकडे पऱ्या म्हणतात) आटू लागतात. कुंडलिका मात्र कोलाड-रोह्याकडे भर उन्हाळ्यात वाहते आणि रेवदंड्याला समुद्रास मिळते.

याचे गुपित घाटावर आहे. मुळशी धरणात अडवलेले मुळा नदीचे पाणी १९२७ पासून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. वीज तयार झाली की ते कुंडलिकेत जाते. या धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात अग्रभागी होते. हेच पाणी पूर्वेला वाहिले असते तर भीमेला, म्हणजे ऊसपट्ट्याला मिळाले असते.

कुंडलिकेला दुसऱ्या नदीचे पाणी मिळाले. आपल्या नदीला कोण देणार? ती आपल्याच ओढ्यांवर जगते. तेव्हा ओढ्याचा काठ नांगरून शेतात घेऊ नका, नाला बंडिंगची कामे जपा. ओढा टिकला तर नदी टिकेल, अन् नदी टिकली तरच ऊस.