वेबसाइट सुगम्य करण्यात संस्थेचा काय फायदा?

आवाज मागेपर्यंत येतोय ना? छान.

डिलाईल रोडवर बोलायचं म्हणजे सुरुवात पुलापासूनच करायला हवी. लोअर परळचा आपला पूल जुलै 2018 मध्ये बंद झाला आणि पूर्ण खुला झाला नोव्हेंबर 2023 मध्ये. पाच वर्षं! पुलापलीकडचा जो माणूस अलीकडे खरेदीला यायचा, त्याने या काळात काय केलं? तो भांडायला आला नाही, तक्रारवहीत लिहून गेला नाही. त्याने पलीकडचंच एखादं दुकान धरलं.

वेबसाइटचं असंच असतं. फरक इतकाच, की आपला पूल बंद आहे हे दुकानदाराला रोज दिसत होतं. वेबसाइटचा पूल बंद आहे हे संस्थेला कळतच नाही.

मी वेबसाइट तपासण्याचं काम करतो. एका पतसंस्थेत गेलो होतो, नाव घेत नाही. मी विचारलं, तुमचा कर्जाचा अर्ज अंध माणसाला भरता येतो का? व्यवस्थापक म्हणाले, ‘‘आमच्याकडे ऑनलाइन अर्ज करणारे अंध सभासदच नाहीत.’’ बरोबर आहे, कसे असणार? अर्जातलं ‘पुढे’ हे बटन म्हणजे नुसतं चित्र होतं. ते काय आहे हे कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

अंध माणूस संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या मदतीने. हा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. ‘एनव्हीडीए’ नावाचा असा प्रोग्राम 2006 पासून फुकट मिळतो आणि तो मराठीही वाचतो. पण त्या अर्जावर तो नुसता ‘बटन, बटन, बटन’ म्हणत होता. बिचारा सभासद कुठलं दाबणार? शेवटी मुलाला रजा घ्यायला लावून शाखेत येणार. म्हणजे काउंटरवरची गर्दी कमी व्हावी म्हणून पैसे खर्चून वेबसाइट केली, आणि माणूस परत काउंटरवरच! बटनाला नाव देणं हे एका ओळीचं काम होतं.

आता खास आपल्या मराठीचं दुखणं. कितीतरी संस्थांच्या सूचना, वार्षिक अहवाल अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तेच वाचतो, ऐकणाऱ्याला ऐकू येते नुसती भेळ. दुसरा प्रकार म्हणजे कागदावर शिक्का मारायचा, स्कॅन करायचा आणि तो फोटो पीडीएफ म्हणून चढवायचा. त्यात तर वाचायला अक्षरच नसतं.

आणि गंमत बघा. गुगललाही डोळे नाहीत. तोसुद्धा मुख्यतः अक्षरंच वाचतो. जुन्या फॉन्टमधली सूचना कोणी मराठीत शोधली तर सापडणार कशी? तीच युनिकोडमध्ये टाइप केलीत तर अंध वाचकाला ऐकू येते, गुगलला सापडते, आणि तुमच्या कारकुनालाही तीन वर्षांनी शोधून काढता येते. तीन कामं एका टायपिंगमध्ये! अपंगांसाठी वेगळा खर्च म्हणून याकडे बघणाऱ्यांना मी हेच आधी दाखवतो.

बरं, अपंग म्हणजे किती? 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख, महाराष्ट्रात 29 लाखांवर. पण माझ्या हिशेबात आणखी माणसं आहेत. 1982 च्या संपात जो गिरणी कामगार पंचविशीत होता, तो आज सत्तरीच्या घरात आहे. मोतीबिंदू, थरथरता हात. पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात लिहिलं तर त्याला दिसत नाही, आणि फॉर्म भरता भरता वेळ संपून पान पुसलं गेलं की तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. त्याच्या नावावर ठेव आहे, पेन्शन आहे, कदाचित घराचा अर्जही आहे. असं गिऱ्हाईक कोणाला नको?

कायद्याचं थोडक्यात सांगतो. 2016 चा अपंग हक्क कायदा आहेच. पण 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर निकाल दिला, तो वाचाच. ॲसिड हल्ल्यात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली होती. बँकेत खातं उघडताना ओळख पटवण्यासाठी पापणी मिटून दाखवा म्हणाले. पापणी मिटतच नाही, तर दाखवणार काय? त्यांच्यासोबत दृष्टिहीन वकील अमर जैन यांचीही याचिका होती. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि 20 निर्देश दिले. लगेच जुलैमध्ये सेबीने शेअर बाजारातल्या संस्थांसाठी परिपत्रक काढलं. म्हणजे हे काम आज ना उद्या करावंच लागणार. इमारत बांधतानाच उतार केला तर स्वस्तात होतो, नंतर पायऱ्या फोडून केला तर महाग पडतो.

एक सावधगिरी. ‘एक ओळ कोड टाका, वेबसाइट आपोआप सुगम्य’ असं सांगणारे विक्रेते येतील. कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह दिसतं, बरं वाटतं. अशाच दाव्यांवरून अमेरिकेत 2025 मध्ये ‘ॲक्सेसिबी’ कंपनीला 10 लाख डॉलर भरावे लागले. त्यापेक्षा माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅब आणि एंटर कळांवर आपला अर्ज शेवटपर्यंत भरून बघा. कुठे अडलात ते लिहून काढा. मग एखाद्या अंध व्यक्तीला योग्य मानधन देऊन तेच करायला सांगा. तुमची यादी दुप्पट होईल.

प्रश्न आहे? हां, बोला काका.

(श्रोता : आमच्या मंडळाची वेबसाइटच नाही हो. व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे फक्त. आम्ही काय करायचं?)

सूचना कशी टाकता? फळ्याचा फोटो काढून ना? फोटो टाका, काही हरकत नाही. फक्त खाली तोच मजकूर टाइप करा. टायपिंगचा कंटाळा असेल तर बोलून टाइप करा, फोनमध्ये सोय आहे. माईक खाली द्या, काकांच्या फोनवर दाखवतो.